उपसचिवांचं एक मिनिट

ओट्टफ्रीड ब्राकमानला देवाने चेहराच असा दिला होता की त्यापुढे त्याचा इलाज चालेना. उंची सहा फुटांच्या वर, डोळे फिकट निळे, जबडा चौकोनी. स्वभाव म्हणाल तर गरीब गाय. घरात कोळी निघाला तर ग्लासात धरून खिडकीबाहेर सोडणारा माणूस. पण टेलिव्हिजनवाल्यांना स्वभाव दिसत नाही, जबडा दिसतो. त्यामुळे एकतीस वर्षांत ओट्टफ्रीडने एकोणीस नाझी केले. कधी दारातला, कधी जिन्यावरचा, कधी नकाशासमोरच्या साहेबामागे डावीकडून दुसरा. कपडेपटातल्या बाईने त्याचं माप घेणं केव्हाच सोडलं होतं. "ब्राकमान ना? कंबर एक बोट सोडते," म्हणायची आणि फोन ठेवायची.

आमच्या देशात दर हिवाळ्यात एखादा तरी असा चित्रपट टीव्हीवर लागतोच. नाही लागला तर लोकांना चुकल्याचुकल्यासारखं होतं. रविवारी संध्याकाळी घरच्यांनी मिळून तो बघायचा, मान खाली घालायची, थोडा वेळ कोणी बोलायचं नाही, आणि सोमवारी कामाला जायचं. तळ्याकाठच्या बंगल्यातली ती मोठी बैठक, जिथे बड्या अधिकाऱ्यांनी माणसं मारायच्या कामाची खातेवाटणी केली, ती दाखवून झाली होती. बडे संपले, म्हणून एका चॅनलने आता दुय्यम अधिकारी घ्यायचं ठरवलं. बड्यांनी ठरवलेलं प्रत्यक्षात कसं उतरवायचं, यावर आठ उपसचिवांची कॉफी पीत चाललेली बैठक. सगळा चित्रपट एका खोलीत, एका टेबलाभोवती. अशा बैठका तेव्हा बऱ्याच झाल्या. लेखकाने त्या कालवून त्यांची एक केली होती.

त्यात ओट्टफ्रीडला गृहखात्याचे उपसचिव डॉ. ग्राबाइन मिळाले. वाक्यं दोन. एक, "आमच्या खात्याची हरकत नाही." दुसरं, "खिडकी लावता का जरा?"

एरवी ओट्टफ्रीडने तेवढ्यावर समाधान मानलं असतं. पण या वेळी गोष्ट वेगळी होती. बव्हेरियाच्या डोंगरातल्या गुरांच्या एका प्रेमळ डॉक्टरवर एक मालिका निघणार होती. म्हाताऱ्या विधवा, अडलेल्या गाई, शेवटी सगळ्यांना सूप. अशी मालिका एकदा लागली की दहा वर्षं हलत नाही. ओट्टफ्रीडचं वय चौसष्ट, आणि आयुष्यात एकदा तरी पडद्यावर कोणाच्या तरी डोक्यावरून हात फिरवावा एवढीच त्याची इच्छा. मालिकावाल्यांना चेहरा चालणार होता. त्यांची अट एकच: पडद्यावर सलग एक मिनिट बोलतानाचं कुठलंही काम पाठवा. ओट्टफ्रीड आणि त्याची बायको आल्मुट यांनी दोन रविवार बसून सगळी जुनी कामं पाहिली. सर्वांत लांब तुकडा अकरा सेकंदांचा निघाला, आणि त्यात तो एका आजीला जिन्यावरून खाली हाकलत होता.

"हे नको पाठवू," आल्मुट म्हणाली. "गाई घाबरतील."

पहिलं वाचन सोमवारी दहाला, दिव्यांच्या एका बंद पडलेल्या कारखान्यात होतं. लांब टेबल, त्यावर हुद्द्यांप्रमाणे नावाच्या पाट्या, थर्मासात कॉफी, चीज लावलेले पाव, आलुबुखाराचा केक. दिग्दर्शिका टाबेआ चाळिशीची, हुशार आणि फार सभ्य.

"कोणी ओरडायचं नाही," ती म्हणाली. "ओरडणारा नाझी आता कोणाला खरा वाटत नाही. बघणारा म्हणतो, छे, हा काही मी नाही. आपण नगरपालिकेत कचऱ्याच्या गाड्यांवर बैठक घेतोय असं समजा."

आठही नटांचे चेहरे पडले. जन्मभर त्यांनी ओरडण्याचेच पैसे घेतले होते. पण ओरडायचं नाही म्हटल्यावर उरलं काय, तर वाक्यं, आणि ती मोजायला प्रत्येकाला पहिली दहा पानं पुरली.

न्यायखातं करणारा कोनराड पेन्सिल आपटून म्हणाला, "टाबेआ, फाइलवर सही कोणाची? आमची. आणि मी चौदा पानं काय मूग गिळून बसू?"

"सही घेऊन काय चाटायचीय?" रेल्वे करणारा हेनिंग म्हणाला. हा पन्नाशीचा, गोरागोमटा, सगळ्यांत गोड बोलणारा. "गाड्या कोणाच्या? तुझ्या सहीवर बसून जाणार आहेत का लोक? रेल्वेला डावलून हे काम व्हायचंच नाही, लिहून घे."

"आणि सीमेपलीकडचं?" परराष्ट्र खात्याने तोंडातला केक घाईने गिळला. "ते तुम्ही परस्पर कसं ठरवता? निदान मला विचारायचं तरी. मला विचारल्याचं तरी दाखवा!"

टाबेआ सगळं टिपून घेत होती, कारण आमच्याकडे तक्रार टिपली की ती अर्धी मिटते. दुपारपर्यंत एकाने कोणाच्या खात्याचा अधिकार कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो याचा रंगीत तक्ता करून आणला. तो इतका नीट होता की टाबेआने भिंतीला लावला. हे आठही जण चांगले लोक होते हो. कचरा चार डब्यांत वेगळा टाकणारे, प्रत्येक निवडणुकीत मत देणारे, निर्वासितांसाठी जुने कोट नेऊन देणारे. आणि ते आठ जण तीन तास, खुनात आपला वाटा थोडा मोठा दाखवावा म्हणून तावातावाने भांडत होते. मला कोणी विचारलं तर मी म्हणेन, ती तीन तासांची तालीमच दाखवायला हवी होती. चित्रपटाची गरज नव्हती.

कोपऱ्यात डॉ. रूट एलियास बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, बारीक, गळ्यात दोरीला चष्मा. त्या इतिहासाच्या सल्लागार. चाळीस वर्षं त्यांनी त्या काळची दप्तरं चाळली होती, आणि इथे त्यांना कोटाची बटणं बरोबर आहेत का एवढंच विचारलं जाई.

"बाई, माफ करा हं," टाबेआ ओशाळून म्हणाली. "नटांचं हे असंच असतं."

"चालू द्या," डॉ. एलियास म्हणाल्या. "मला माहिती मिळते आहे."

दुपारी कपड्यांची चाचणी झाली आणि सगळे गणवेशातच टेबलाशी परतले. पटकथेत एकतिसाव्या पानावर एक भोक होतं. बैठक अडून बसते: गावोगावच्या ज्यूंच्या याद्या वेळेवर येत नाहीत, नावं चुकतात, गाड्या उभ्या राहतात. मग कोणीतरी तोडगा सुचवतो आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. तो तोडगा काय, हे लेखकाला सुचलं नव्हतं. टाबेआ म्हणाली, "कागद मिटा. तुम्ही आपापले अधिकारी आहात. अडचण ही. बोला."

कोनराडने एक कायदा सुचवला, हेनिंगने तो मोडीत काढून जादा गाडी. दोघांची पुन्हा जुंपली. ओट्टफ्रीड गप्प ऐकत होता, आणि ऐकता ऐकता त्याला वाटलं, अरे, हे तर आपण सोडवलंय.

कारण ओट्टफ्रीड नऊ वर्षं आपल्या बागमंडळाचा चिटणीस होता. शहराच्या कडेला भाड्याने मिळणारे बागेचे तुकडे, प्रत्येकात एक लाकडी खोपटं, आणि तुकड्यापेक्षा लांब नियमावली. कुंपण सव्वा मीटरच्या वर नको, दुपारी एक ते तीन हातोडा नको. तिथे दर शरद ऋतूत छाटलेल्या फांद्या न्यायला ट्रक यायचा आणि दर वर्षी भांडणं व्हायची. यादी चुकायची, ट्रक गल्लीत अडकायचा, सभासद चिटणिसाच्या दारात. शेवटी ओट्टफ्रीडने एक परिपत्रक काढलं आणि सगळं गाडं रुळावर आलं. आभार म्हणून सभासदांनी त्याला नाशपातीचं रोप दिलं होतं.

तो खाकरला. टेबलावर हात ठेवले आणि चिटणिसाच्या आवाजात, न ओरडता, बोलू लागला.

"सज्जनहो, याद्या आपण करतो इथेच आपलं चुकतं. आपल्याला ती माणसं ठाऊक नाहीत. त्यांना ठाऊक आहेत. त्यांचं मंडळ आहे, कारकून आहेत, टाइपरायटर आहेत. यादी त्यांनाच करू द्या. कोण आजारी, कोणी पत्ता बदलला, कोणाला आधी घ्यायचं, कोणाला मागे ठेवायचं, ही डोकेदुखी त्यांची. नाव चुकलं तर भांडण त्यांच्यात होईल, आपल्या दारात कोणी यायचं नाही. आपण फक्त तारीख आणि आकडा कळवायचा. आणि तोही हुकूम म्हणून नव्हे. लिहायचं, की नम्र विनंती आहे."

 कोनराडने बोटांच्या पेरांनी टेबलावर ठकठक केली. आमच्याकडे बैठकीत टाळ्या वाजवत नाहीत, टेबल वाजवतात. मग हेनिंगने, मग परराष्ट्र खात्याने, मग सगळ्यांनी. एकोणीस नाझी केले, पण ओट्टफ्रीडसाठी टेबल आजवर कोणी वाजवलं नव्हतं.

"हे जाणार," टाबेआ म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "जसंच्या तसं. एक मिनिट, कॅमेरा तुझ्यावर, मध्ये कट नाही. ओट्टफ्रीड, हे तू कुठे लपवून ठेवलं होतंस रे?"

तो आवारात धावला. धावण्याआधी दारातल्या मुलीने त्याला राखाडी ओव्हरकोट घातला आणि वरपर्यंत बटणं लावली, कारण गणवेशावरचे ते नाझी बिल्ले घेऊन उघड्यावर जाणं हा आमच्याकडे गुन्हा आहे. नियम म्हणजे नियम. ओव्हरकोटात घामाघूम होत त्याने आल्मुटला फोन लावला. ती बागेतल्या खोपटात घेवड्याच्या शेंगा मोडत होती.

"अगं, मिळालं! अख्खं मिनिट!"

"काय सांगतोस! म्हणून दाखव."

त्याने म्हणून दाखवलं. आल्मुटने नीट ऐकून घेतलं.

"ओट्टी, हे तर आपलं फांद्यांचं परिपत्रक."

"तेच की! शब्द थोडे इकडेतिकडे!" तो हसत सुटला.

आल्मुट हसली नाही. ती मंडळाची खजिनदार होती. "त्याच्यावर माझी पण सही आहे," ती म्हणाली. मग एक शेंग मोडत, "बरं, छान झालं. तो गुरांचा डॉक्टर तुला मिळायलाच हवा. संध्याकाळी बोलू."

आत येताना थर्मासपाशी त्याला डॉ. एलियास भेटल्या.

"कुठे वाचलंत हे?" त्यांनी विचारलं.

"वाचलं नाही, बाई. मी आपली वाक्यं सोडून काही वाचत नाही. सुचलं. का? चुकलं का काही?"

"चूक काही नाही. असंच झालं होतं. ठिकठिकाणी यादी त्यांच्याचकडून करून घेतली." त्यांनी कपात साखर घातली आणि सावकाश ढवळली. "माझे आजोबा अशाच एका मंडळात कारकून होते. चार याद्या त्यांनी टाइप केल्या. पाचवी दुसऱ्या कोणीतरी केली, कारण तिच्यात ते स्वतः होते."

 "मला खरंच माहीत नव्हतं," ओट्टफ्रीड म्हणाला.

"तेच तर म्हणते आहे. ही युक्ती पहिल्यांदा कोणाला सुचली, ते मी चाळीस वर्षं शोधते आहे. वाटायचं, एखाद्या कागदावर सापडेल, कोणीतरी भयंकर माणूस असेल." त्यांनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, आणि तेच त्याला सोसवेना. "आज बघायला मिळालं, कशी सुचत असेल. कॉफी निवायच्या आत."

त्या संध्याकाळी ओट्टफ्रीडने चमचा उचलला नाही. आल्मुटने बटाट्याचं सूप दोनदा गरम केलं. तो एकच म्हणत राहिला, "मी फांद्यांचा विचार करत होतो गं."

"हो रे, ठाऊक आहे मला."

"आणि म्हणताना मजा आली. ते टेबल वाजलं ना, तेव्हा."

आल्मुटने ताटली पुसून ठेवली. "मग म्हणू नकोस," ती म्हणाली. "गाईंसाठी दुसरं काही बघू." दुसरं काही नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

सकाळी त्याने टाबेआला सांगितलं, की ते मिनिट मी म्हणणार नाही, आणि ते काढून टाका. एवढं बोलायला त्याला सगळं धैर्य गोळा करावं लागलं होतं. एवढ्या किमतीचं काही त्याने आयुष्यात सोडलं नव्हतं. टाबेआने त्याचा हात हातात घेतला. "मी तुझ्या भावनेचा आदर करते," ती म्हणाली. "बैठक बोलावते."

अकरा वाजता बैठक बसली. विषयपत्रिकेवर एकच विषय: पान एकतीस. केक या वेळी सफरचंदाचा होता.

"ते काढणं म्हणजे इतिहासावर पांघरूण घालणं," परराष्ट्र खातं म्हणालं. "असं झालेलं आहे. बाईंनीच सांगितलं."

"कामाच्या दृष्टीनेही अवघड आहे," निर्माता म्हणाला. "चॅनलला पानं गेली. त्यांना तेच पान सर्वांत आवडलं."

"अरे, पण ओट्टफ्रीडला त्रास होतोय," कोनराड म्हणाला. "त्याच्यावर जबरदस्ती नको. आपण काय ते लोक आहोत का?"

"अजिबात नाही!" सगळे म्हणाले, आणि सगळ्यांना बरं वाटलं.

"मग सोपं आहे," हेनिंग गोड आवाजात म्हणाला. "बोजा त्याच्यावर नको. मी घेतो. तसंही याद्या अडल्या की खोळंबा रेल्वेचा होतो, तेव्हा तोडगा रेल्वेने सुचवणंच सयुक्तिक." त्याने खिशातून चिठ्ठी काढलीसुद्धा नाही. त्याला सगळं पाठ होतं.

"थांबा," ओट्टफ्रीड म्हणाला. "ते कोणीच म्हणू नका, असं मी म्हणत होतो. फक्त मी नको, असं नाही."

"हो हो, तुझा मुद्दा पोचला," टाबेआ म्हणाली आणि तिने तो टिपला. चार वाजता इतिवृत्त आलं. त्यात लिहिलं होतं: "श्री. ब्राकमान यांच्या प्रकृतीचा विचार करून संबंधित मजकूर रेल्वे विभागाकडे वर्ग करण्यात आला. सर्वांची संमती." खाली आठ सह्यांच्या जागा. ओट्टफ्रीडने ते दोनदा वाचलं. सही न करता उठून जाता आलं असतं. पण मग बैठक पुन्हा बोलवावी लागली असती, सगळ्यांचा दिवस वाया गेला असता, आणि दिवस वाया घालवणाऱ्यांपैकी तो नव्हता. त्याने सही केली आणि खाली तारीख घातली.

डॉ. एलियास तेव्हा कोटाची बटणं तपासत होत्या. त्यांना कोणी विचारलं नाही.

चित्रीकरण तीन आठवड्यांनी झालं. मालिकावाल्यांची मुदत त्याच आठवड्यात संपत होती, आणि पाठवायला काही नव्हतं. ओट्टफ्रीड दोन खुर्च्या सोडून डॉ. ग्राबाइन होऊन बसला होता, समोर ब्रँडीच्या जागी सफरचंदाचा रस. त्याने मनाशी ठरवलं होतं, की ऐकायचं नाही, समोरच्या पेल्याकडे बघत राहायचं. हेनिंगने टेबलावर हात ठेवले, अगदी ओट्टफ्रीडने ठेवले होते तसेच, आणि बोलू लागला.

आणि तो चुकीचं बोलत होता. घाई करत होता. "यादी त्यांनाच करू द्या" वर त्याने उगाच भुवई उंचावली, चेहऱ्यावर लबाडी आणली. ओट्टफ्रीडची नजर पेल्यावरून उठली. आधी त्याला वाटलं ही किळस आहे. ती किळस नव्हती. तो जळत होता. ते मिनिट त्याचं होतं, आणि हा माणूस त्याची माती करत होता.

"कट," टाबेआ म्हणाली. "चांगलं आहे, पण काहीतरी अडतंय. हेनिंग, कसं सांगू... पटत नाहीये."

 दिव्यांची उष्णता चढत होती. हेनिंग घाम पुसत म्हणाला, "मला सांगा तरी काय अडतंय."

"भुवई नको," कोणीतरी म्हणालं. सगळ्यांनी वळून पाहिलं, तेव्हा ओट्टफ्रीडला कळलं की तो आवाज आपला आहे. "लबाडी नको. तो लबाड नाही. त्याला खरंच मदत करायचीय. आणि 'नम्र विनंती'च्या आधी जरा थांब. तिथे श्वास घे. नाहीतर ऐकणाऱ्याला भीती वाटते, आणि भीती वाटली की लोक यादी करून देत नाहीत."

टाबेआने त्याच्याकडे कृतज्ञतेने पाहिलं. हेनिंगने मान डोलावली, ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहिलं, श्वासाची जागा धरली. कॅमेऱ्यामागे, खुर्चीच्या कडेवर, डॉ. एलियास ओट्टफ्रीडकडे बघत होत्या.

दुसरा टेक बिनचूक झाला. भुवई हलली नाही, श्वास जिथे हवा तिथे पडला, आणि "नम्र विनंती" इतकी मऊ आली की दिवेवालाही ऐकत उभा राहिला. ओट्टफ्रीडला बरं वाटलं. अडलेलं काम मार्गी लागलं की वाटतं तसं, मनापासून बरं वाटलं. पेला उचलायला त्याने हात पुढे केला, आणि बघतो तर बोटांच्या पेरांनी तो टेबल वाजवत होता.